सोळा पानं

जेल रोडच्या वाचनालयात उन्हाळ्यापुरती सवलत आहे:
एका कार्डावर चार पुस्तकं, थेट पंधरा जूनपर्यंत.
नाव लिहून घेताना धात्रकबाईंनी विचारलं,
'याआधी कुठे वाचत होतात?'
प्रेसमध्ये, म्हटलं. पण तिथे वाचत नव्हते,
बघत होते.

चौतीस वर्षं नोटांचे ताव या डोळ्यांखालून गेले.
शाई फुटली, रेघ सरकली,
आकडा केसभर तिरपा बसला
की बाजूला काढायचा. मोजायचा. सही करायची.
बाजूला काढलेल्याचा भुगा व्हायचा
आणि मी संध्याकाळी बिटको चौकात
कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन रुपयांवरून भांडायचे.

हा पहिला रिकामा उन्हाळा.
सगळ्यांना माझी भारी काळजी.
भावजय म्हणते, वन्सं, आता काहीतरी सात्त्विक वाचा.
भाच्याने गुंतवणुकीवरचा ठोकळा आणून दिला,
म्हणजे पुन्हा पैसेच.
खालचे शौचेकाका गुडघेदुखीचे तीन भाग घेऊन
दोन जिने चढून आले, धापा टाकत.

मला मजा हवी होती.
ती कुठल्या कपाटात असते
हे धात्रकबाईंना विचारायची लाज वाटली.

मग माझ्या पद्धतीने निवडली.
उघडायचं नाही, आधी कडेने बघायचं:
पानं जिथे मळकी, तिथे लोक रेंगाळलेत.
मागच्या चिठ्ठीवर शिक्के बघायचे.
मे, मे, एप्रिल, परत मे,
म्हणजे हे उन्हाळ्यातच पिकणारं पुस्तक.
एकात हळदीचं बोट उमटलेलं.
ज्याच्यापायी कुणाची तरी फोडणी करपली, ते घेतलंच.
एक भुताचं, कारण मुखपृष्ठावरचं भूत
हुबेहूब आमच्या सेक्शनच्या साहेबांसारखं.
एकात नुसता बर्फ होता, आणि बाहेर पारा एकेचाळीस.
चौथ्याचं मुखपृष्ठच गेलेलं, वर खाकी कागद,
आत कुठल्याशा घाटातला खून.

गच्चीवर कुरडयांची राखण माझ्याकडे.
टाकीच्या सावलीत पाट टाकून खून उघडला.
अठ्ठेचाळीसाव्या पानावर फौजदार चहा सांगतो,
आणि समोरचं पान परत तेहतीस.
परत तो एसटीतून उतरतो,
परत रुमाल झटकतो,
स्टँडवरचं कुत्रं त्याच्यावर परत पहिल्यांदाच भुंकतं.

नजर सवयीने ताठ झाली.
फर्मा दोनदा बांधलाय.
एकोणपन्नास ते चौसष्ट नाहीतच.
हात आपोआप उजवीकडे गेला, बाजूला काढायला.
उजवीकडे कुरडया होत्या. दोन मोडल्या.

तेव्हा मोडलेल्या खात
तीच सोळा पानं परत वाचली. घाई कुणाला होती?
आणि दुसऱ्या खेपेला दिसलं,
तो दोन चहा सांगतो.
एकटाच उतरला होता की!
पहिल्यांदा हे सुटलं माझ्या नजरेतून,
चौतीस वर्षांच्या नजरेतून.

दुसरा कप कुणाचा
ते पुढच्या पानांत असणार, जी नाहीत.
म्हणून रात्री लाईट गेल्यावर
गच्चीत पडल्या पडल्या एकोणपन्नासावं पान मीच लावलं.
त्याच्या शेजारी बाकावर निफाडची एक बाई बसवली,
मांडीवर बेदाण्याची पिशवी, साखर कमी सांगणारी.
दुसऱ्या रात्री पन्नासावं.
खून तिने केला नसावा.
पण मी अजून एकावन्नवर आहे, छातीठोक सांगत नाही.

बर्फाचं सावकाश वाचलं. हळदीचं दोनदा.
भुताचं अर्ध्यात सोडलं, साहेबांची आठवण नको झाली.

पंधरा जूनला धात्रकबाईंनी खाकी पुस्तक
उलटंसुलटं करून बघितलं.
'फाटलं-बिटलं काही?'
नाही, म्हटलं. खोटं नव्हतं.
तीन ठेवली, हे मात्र हातातून सोडलं नाही.
'अहो, परत तेच?'
आठ दिवस द्या फक्त,
तिचा चहा अजून यायचाय.